नाडीवर तीन बोटं

मी नागपूरचा. हे आधीच सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट थंडीची आहे आणि नागपूरच्या माणसाने थंडीची तक्रार करणं म्हणजे जरा लाजेचंच काम. आमच्या घरी सगळी औषधं उन्हाची. खिशात कांदा ठेवा, पन्हं प्या, डोक्याला ओला पंचा बांधा. थंडी अंगाच्या आत शिरली तर काय करायचं, हे कुणी शिकवलंच नव्हतं.

माझ्या आत ती शिरली सदुसष्टाव्या वर्षी, नेपरव्हिल या अमेरिकन उपनगरात, तीही भर ऑगस्टात. नेत्रा, म्हणजे माझी बायको, जाऊन दीड वर्ष झालं होतं. बाहेर लोक अर्ध्या चड्डीत लॉन कापत होते आणि मी घरात दोन जोड मोजे घालून बसलो होतो. पाय गार, हात गार, पोटात तर कुणी फ्रीजचं दार उघडं ठेवलंय असं वाटायचं. खरं तर गार पाय ही नेत्राची मक्तेदारी. लग्न झाल्यापासून ती तिचे गारढोण पाय माझ्या पोटऱ्यांना लावून झोपायची आणि मी ओरडायचो, "अगं, मी काय हीटर आहे का?" आता ओरडायला कुणी नव्हतं आणि गार पाय माझ्या वाट्याला आले होते.

डॉक्टरीण बाईंनी रक्त तपासलं. थायरॉइड नॉर्मल, हिमोग्लोबिन नॉर्मल, सगळं नॉर्मल. "एव्हरीथिंग लुक्स ग्रेट, मिस्टर बोकर," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, बोकर नाही, बोकारे. श्रीराम बोकारे. मला चुका दुरुस्त करायची खोड आहे. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून पगार घेतला, ती सवय निवृत्तीनंतर जाते थोडीच. आमच्या अनिकाचं मराठी मी इतकं दुरुस्त केलं, की बारा वर्षांची झाली तेव्हा तिने मराठी बोलणंच बंद केलं. "तुम्ही माझ्या पोरीची भाषा बंद पाडलीत," नेत्रा म्हणायची, आणि त्यावर मात्र मला काही दुरुस्ती सुचायची नाही.

अनिका आता तेहतीस वर्षांची आहे. सिॲटलला फेरीबोटींची वेळापत्रकं आखते. आई गेल्यावर तिने मला एक घड्याळ पाठवलं. ते माझी पावलं मोजतं, झोप मोजतं, नाडी मोजतं, आणि सगळं तिला तिच्या फोनवर दिसतं. दर रविवारी सकाळी दहाला ती व्हिडिओ कॉल करते. "हाऊ आर यू, बाबा?" मी म्हणतो, "मस्त." मग ती पावसाविषयी सांगते, मी बर्फाविषयी, आणि अकराव्या मिनिटाला आमचं बोलणं संपतं.

ऑफिसमधला माझा जुना चिनी मित्र चेन फोनवर माझं रडगाणं ऐकून म्हणाला, "श्री, थंडी तुझ्या आत आहे. थर्मोस्टॅट वाढवून जाणार नाही. चायनाटाउनला जा." पत्ता त्याने दिला. मी गेलो ते श्रद्धेने नाही, शनिवार रिकामा होता म्हणून. माझे सगळेच वार रिकामे होते, पण शनिवारचं रिकामपण जास्त कळतं.

नेपरव्हिलहून ट्रेनने युनियन स्टेशन आणि तिथून बस. दुकान लहानच. एका भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खणच खण, प्रत्येकावर चिनी अक्षरं. वास डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी किराणा दुकानात मसाल्याच्या रांगेत येतो तसा, फक्त हिंगाऐवजी ओल्या लाकडाचा. मागे पडदा, पडद्यामागे टेबल आणि टेबलाशी मिसेस क्वान. पंचाहत्तरीच्या, हाताने विणलेला स्वेटर, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. मनातल्या मनात मी त्यांना लगेच क्वानबाई केलं. त्यांचं इंग्रजी त्यांच्या गावचं, माझं माझ्या गावचं, त्यामुळे दोघांनाही दुसऱ्याचं नीट कळायचं.

टेबलावर एक छोटी उशी होती, पुस्तकाएवढी. त्यांनी माझा हात तिच्यावर ठेवायला लावला, मनगटावरचं घड्याळ काढून एका चिनी मातीच्या वाटीत ठेवलं आणि माझ्या नाडीवर तीन बोटं ठेवली. मग डोळे मिटले. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. कधी एक बोट दाबायच्या, कधी दुसरं. नंतर दुसरा हात.

मला तेव्हा जे झालं ते सरळच सांगतो. माझ्या डोळ्यांना धार लागली. नेत्रा गेली त्या आठवड्यात लोकांनी मला खूप मिठ्या मारल्या. त्यानंतर कुणीच हात लावला नव्हता. रक्त घेणारी नर्स हातमोजे घालते. ब्लडप्रेशर मशीन घेतं. न्हाव्याच्याही हातात मशीनच असतं. ही उघडी, कोरडी, जिवंत माणसाची बोटं होती आणि ती घाईत नव्हती. क्वानबाईंनी टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला. मी म्हटलं, ॲलर्जी आहे.

मग त्या म्हणाल्या, "जीभ." मी जीभ काढली. त्यांनी चष्मा लावून ती पाहिली, टॉर्च घेऊन पुन्हा पाहिली आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "नाडी एक सांगते, जीभ दुसरं सांगते," त्या म्हणाल्या. जिभेवर सायीसारखा थर नावालाही नाही, म्हणजे आत कोरडेपणा आहे, असं काहीसं त्यांचं गणित. त्यांनी जिभेवर विश्वास ठेवला आणि कसल्याशा पांढऱ्या कंदांची पुडी बांधून दिली. नंतर पडद्याबाहेरच्या बाकावर बसून त्यांच्याकडचा कोमट चहा प्यायलो, घड्याळ मनगटावर चढवलं आणि घरी आलो. सगळं मिळून पाऊण तास झाला होता.

त्या काढ्याने मी आणखी गारठलो. पोट बिघडलं ते वेगळंच. तरी पुढच्या शनिवारी गेलो. त्याच्या पुढच्याही गेलो. औषध लागू पडत नव्हतं आणि मला त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं.

तिसऱ्या खेपेला क्वानबाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "सकाळी उठल्यावर तुम्ही काय काय करता? एकूण एक सांगा." मी सांगितलं. उठतो, दात घासतो, जीभ घासतो.

"काय घासता?"

मी अभिमानाने समजावून सांगितलं. तांब्याची जिभली. दोन्ही हातांत धरायची आणि आतून बाहेर ओढायची, चांगली चार-पाच वेळा. आईचा नियमच होता, जीभ घासल्याशिवाय चहा नाही. सहा दशकांत एक दिवस खाडा नाही, नेत्रा गेली त्या सकाळीसुद्धा नाही.

क्वानबाई मग इतक्या हसल्या, की चष्मा काढून डोळे पुसायची पाळी आली. "मी जिभेवर वाचते," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही रोज सकाळी पाटी पुसून मला दाखवायला आणता!" त्यांच्याकडे येणाऱ्या कुणाच्या घरी असली वस्तू नसावी, म्हणून त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आपल्याकडे ती सगळ्यांच्या घरी असते, म्हणून मी सांगितलं नव्हतं. हुकूम सुटला, आठवडाभर जिभलीला हात लावायचा नाही.

तो आठवडा कठीण गेला. आंघोळ न करता फिरतोय असं वाटायचं. पण शनिवारी जीभ काढली आणि क्वानबाई टाळी वाजवायच्याच बाकी होत्या. जाड, ओला, पांढरा थर. "ही बघा. ही तुमची थंडी," त्या म्हणाल्या आणि खण उघडायला लागल्या.

कागदावर एकेक ढीग पडत गेला. काही मुळ्यांचे काप ओळखीचे नव्हते. पण एक ढीग दालचिनीचा, एक ज्येष्ठमधाचा आणि एक चक्क सुंठेचा. मी म्हटलं, "सुंठ तर माझ्या घरी आहे. बरणीभर." नेत्राची बरणी. ती गेल्यापासून तिचं झाकण मी उघडलं नव्हतं. क्वानबाई म्हणाल्या, घेऊन या. पुढच्या वेळी नेली. त्यांनी एक तुकडा हुंगला, दातांनी तोडला आणि विचारलं, "कुणी निवडली?"

"बायकोने."

"जुनी आहे, पण निवड चांगली आहे," त्या म्हणाल्या आणि बरणी आपल्या फळीवर ठेवून घेतली. त्यानंतर माझ्या प्रत्येक पुडीत सुंठ त्या त्याच बरणीतली घालायच्या.

रोज तीन कप पाणी घालून मंद आचेवर एक कप होईपर्यंत उकळायचं. घरभर वास सुटायचा. कित्येक महिन्यांनी त्या स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हच्या घंटीखेरीज कसला तरी आवाज व्हायला लागला. नोव्हेंबरच्या मध्यावर एका सकाळी लक्षात आलं, की मी अनवाणी उभा आहे आणि पाय गरम आहेत.

शनिवारी क्वानबाईंनी नाडी पाहिली आणि खूश होऊन म्हणाल्या, "उत्तम. अजून दोन शनिवार. मग झालं."

माणसाला बरं वाटल्यावर आनंद व्हायला हवा. मी बोटांवर वार मोजायला लागलो. शनिवार गेला तर माझ्या आठवड्यात उरतं काय? रविवारी अकरा मिनिटांचा फोन आणि बुधवारी कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेणं. त्या दहा-पंधरा मिनिटांसाठी मी शुक्रवारपासून शर्टाला इस्त्री करून ठेवत होतो. मला औषध नको होतं, मला ती तीन बोटं हवी होती. हे कळल्यावर मी असं काही केलं, की नेत्राला सांगायची सोय असती तर तिने कपाळाला हात लावला असता.

त्याच सुमारास अनिकाने फोनवर विचारलं, "बाबा, थँक्सगिव्हिंगला, यू मस्ट हॅव प्लॅन्स?" विचारताना ती जरा गालात हसत होती. मला वाटलं, हिला यायचं नाही आणि नाही म्हणायचा धीर होत नाही. मी म्हटलं, "हो, हो. बरेच प्लॅन आहेत." "दॅट्स ग्रेट! आय ॲम सो हॅपी फॉर यू," ती म्हणाली आणि खरंच आनंदात दिसली. सुंठेवाचून खोकला गेला, मी स्वतःला समजावलं, ती टर्की भाजायची कटकट तरी नको. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, म्हणजे इथे घरोघरी सगळे एकत्र जेवतात त्या दिवशी, मी दहीभात खाल्ला. समोर टीव्ही चालू होता. पोरीला आपण नकोसे झालो आहोत, असं वाटून निम्मा भात तसाच झाकून ठेवला.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी, म्हणजे क्वानबाईंच्या दोन शनिवारांपैकी पहिल्या, मी स्टेशनवर दुधाची छोटी बाटली घेतली. बसमध्ये घोट घोट घेऊन जिभेवर घोळवत राहिलो. हातमोजे काढून ठेवले आणि बसचा गार दांडा दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. जीभ पांढरी, हात गार. क्वानबाईंनी जीभ पाहिली, नाडी पाहिली, क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि आणखी आठवड्याची पुडी बांधली. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसा मी स्वतःवर खूश होऊन घरी आलो.

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच केलं. या वेळी त्यांनी जीभ काढायला सांगितली आणि जवळ येऊन वास घेतला.

"दूध?"

"नाही," मी म्हटलं. सदुसष्ट वर्षांचा माणूस, शाळेतल्यासारखा खोटं बोललो.

त्यांनी माझं घड्याळ वाटीत ठेवलं आणि तीन बोटं ठेवली. या वेळी डोळे मिटले नाहीत. "जिभेला रंग लावता येतो," त्या म्हणाल्या. "नाडीला नाही. तीन आठवडे झाले, तुमची नाडी चांगली आहे."

"मग मागच्या शनिवारी का नाही बोललात?"

"थँक्सगिव्हिंगचे दिवस होते. म्हटलं, असू दे." त्यांनी बोटं काढून घेतली. "घरी कोण असतं?"

"कुणी नाही. मुलगी सिॲटलला आहे."

"तिला माहीत आहे?"

"काय?"

त्यांनी घड्याळ वाटीतून काढून माझ्या मनगटावर स्वतः बांधलं. उठून फळीवरची बरणी आणली. तळाशी सुंठेचे दहा-बारा तुकडे उरले होते. "ही चहात घाला. कुणी आलं की. पुढच्या शनिवारी येऊ नका, मिस्टर बोकारे. बाहेर चार जण थांबलेत." खरंच चार जण होते. एक बाई पोट धरून बसली होती आणि मी दूध पिऊन तिची जागा अडवत होतो. चहा न घेताच निघालो. ट्रेनमध्ये रागही आला आणि लाजही वाटली, आणि नेपरव्हिल येईपर्यंत नुसती लाज उरली. त्यांनी माझं आडनाव बरोबर उच्चारलं होतं, हेही तेव्हाच लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी दहाला फोन वाजला.

"हाय बाबा. हाऊ आर यू?"

"मस्त."

ती इंग्रजीत मोडकं मराठी मिसळून म्हणाली, "शुअर? काल फक्त टेन मिनिट्स होते."

"कसले टेन मिनिट्स?"

"बाबा..." ती अवघडली. "मला विचारायचं नव्हतं. इट्स युअर प्रायव्हेट लाइफ. पण तू ते वॉच कधीच काढत नाहीस. शॉवर घेतानाच काढतोस. आणि दर सॅटर्डेला, अकरा वाजता, यू टेक इट ऑफ. फॉर्टी, फॉर्टी-फाइव्ह मिनिट्स. गेले तीन महिने. काल फक्त दहा." तिने मोठा श्वास घेतला. "डिड यू गाइज ब्रेक अप?"

मला उमगायला वेळ लागला. उमगलं तेव्हा असं हसू फुटलं, की खुर्चीवरून पडायचा बाकी राहिलो. माझ्या पोरीला वाटत होतं, की बाबांनी शनिवारी अकरा वाजता घड्याळ काढून ठेवावं अशी कुणीतरी बाई त्यांच्या आयुष्यात आली आहे.

"म्हणून तू थँक्सगिव्हिंगला आली नाहीस?"

"आय डिडन्ट वॉन्ट टू बी इन द वे," ती म्हणाली. "तू किती हॅपी होतास! फ्रायडेला तुझी स्टेप्स डबल व्हायची. मी तिकीट काढलं होतं, बाबा. कॅन्सल केलं."

माझं हसू तिथेच थांबलं. पुढे काय बोलायचं ते माझ्या हातात होतं. हो गं, ब्रेकअप झालं, म्हटलं असतं तरी भागलं असतं. तिने सॉरी म्हटलं असतं आणि अकराव्या मिनिटाला आम्ही फोन ठेवला असता. क्वानबाईंचं "तिला माहीत आहे?" कानात होतं.

मी म्हटलं, "अनिका, तिथे कुणी बाई नाही. म्हणजे आहे, पंचाहत्तर वर्षांची वैद्य आहे. ती माझी नाडी बघते, म्हणून घड्याळ काढते. ती मनगट धरते म्हणून मी जातो. मला दुसरं कुणी हात लावत नाही गं. मी दर रविवारी तुला मस्त म्हणतो ना, ते खोटं असतं. मला फार एकटं वाटतं."

पडद्यावर ती हललीच नाही. नेट गेलं असं वाटून मी फोन हलवला. नेट होतं. ती रडत होती. "मी रोज रात्री झोपायच्या आधी तुझी नाडी बघते," ती म्हणाली. "फोनवर. चालू आहे की नाही बघते, अँड देन आय स्लीप."

ती शुक्रवारी संध्याकाळी आली. विमानतळावर तिने मला मिठी मारली आणि मी चटकन सोडली नाही. गाडीत मी तिला क्वानबाईंची उशी, वाटी, तीन बोटं, सगळं सांगितलं. शनिवारी बर्फ पडत होता. तिने आईच्या बरणीतली सुंठ घालून चहा केला. सुंठ फार पडली होती, साखर विसरली होती. मी कप संपवला. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले, तशी ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली, माझ्या हातावरचं घड्याळ काढून तिने रिकाम्या वाटीत ठेवलं आणि घडी केलेला नॅपकिन टेबलावर मांडला.

"हात दे," ती म्हणाली, मराठीत.

मी दिला. तिने तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. बोटं पार उलट्या बाजूला पडली होती, करंगळीकडच्या हाडावर. तिथे नाडी कुणालाच सापडत नाही.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "सापडली."

मी तिची बोटं सरकवली नाहीत. हात तसाच राहू दिला.